दोन दिवसात ताप गेला, मग तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या कशाला?

या वेळी मलेरियावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. जवळपास सगळे लहान मुलांच्या औषधाबद्दल आहेत, आणि ‘रेझिस्टन्स’ (जंतूवर औषध लागू न पडणं) या शब्दाची भीती बऱ्याच जणांच्या मनात बसलीये असं दिसतंय. काही प्रश्न लांबलचक होते, ते थोडे कमी करून देतोय.

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी सहा वर्षांची, वजन १७ किलो. रक्तात फाल्सिपेरम प्रकारचा मलेरिया निघाला. तीन दिवसांच्या गोळ्या दिल्यात, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. दुसऱ्या दिवशी रात्रीच ताप उतरला, खेळायला पण लागली. गोळी कडू आहे, दर वेळी नुसती रडारड. सासूबाई म्हणतात ताप नाही तर औषध कशाला, उरलेल्या जपून ठेव, परत ताप आला तर उपयोगी पडतील. थांबवलं तर चालेल का? आणि एकाच गोळीत दोन-दोन औषधं कशाला लागतात?

उत्तर: ताई, नाही चालणार. तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या पण पूर्ण द्यायच्या, रडली तरी द्यायच्या. का ते नीट सांगतो, म्हणजे सासूबाईंनाही समजावता येईल.

तुमच्या मुलीला मिळालेल्या गोळीत आर्टिमीथर आणि ल्युमफँट्रिन अशी दोन औषधं आहेत. आर्टिमीथर प्रचंड वेगाने जंतू मारतं, पण काही तासांतच रक्तातून निघून जातं. ल्युमफँट्रिन सावकाश काम करतं पण पुढे कित्येक दिवस रक्तात टिकून राहतं. फाल्सिपेरमच्या जंतूचं रक्तातलं एक चक्र साधारण ४८ तासांचं असतं, लाल पेशीत शिरायचं, वाढायचं, पेशी फोडून बाहेर पडायचं आणि नव्या पेशीत घुसायचं. आर्टिमिसिनिन जातीचं औषध (आर्टिमीथर त्यातलंच) चांगलं लागू पडलं तर अशा एका चक्रात जंतूंची संख्या साधारण १० हजार पटीने कमी करतं. आता हिशोब करून बघा. समजा आजारी मुलाच्या अंगात १० हजार कोटी जंतू आहेत (हा आकडा ऐकून घाबरू नका, मलेरियात एवढे असतात). पहिल्या चक्रानंतर १ कोटी उरले. म्हणजे तुमची मुलगी खेळायला लागली, ताप गेला, तेव्हा तिच्या रक्तात अजून कोटीच्या घरात जंतू असू शकतात, स्लाइडवर, म्हणजे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर, कदाचित दिसणारही नाहीत इतके विरळ, पण आहेत. तीन दिवसांच्या कोर्समध्ये दुसरं चक्रही सापडतं, मग उरतात हजारभर. हे हजारभर संपवायचं काम ल्युमफँट्रिनचं, आणि ते काम तेव्हाच होतं जेव्हा सहाच्या सहा डोस पोटात जाऊन रक्तात त्याची पुरेशी पातळी तयार होते. तिसरा दिवस गाळला तर दोन्ही औषधं कमी पडतात.

दोन औषधं का, याचं अजून एक कारण आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. जंतू वाढताना त्याच्या जनुकांत चुका होत राहतात, त्यातली एखादी चूक नेमकी औषधाला चुकवणारी निघते. एकाच औषधाला चुकवणारा जंतू सापडणं फार दुर्मिळ नाही, पण एकाच वेळी दोन वेगळ्या पद्धतीने मारणाऱ्या औषधांना चुकवणारा जंतू जन्माला येणं अतिशय दुर्मिळ, कारण त्या दोन शक्यतांचा गुणाकार होतो. टीबीमध्ये तीन-चार औषधं एकत्र देतात त्यामागेही हाच विचार आहे. म्हणूनच नुसत्या आर्टिमिसिनिनच्या गोळ्या तोंडावाटे देणं बंद करा असं जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये कंपन्यांना स्पष्ट सांगितलं.

उरलेल्या गोळ्या ठेवायचा प्रश्नच येत नाही, कारण कोर्स नीट झाला तर उरतच नाहीत. आणि पुढच्या तापाला अर्धवट पुडीतल्या दोन गोळ्या देणं हे सगळ्यात वाईट, जंतू मरत नाहीत आणि त्यातले चिवट तेवढे मागे राहतात. कडूपणाचं म्हणाल तर पाण्यात विरघळणारी, गोड चवीची गोळी खास मुलांसाठी मिळते, ती विचारा. आणि प्रत्येक डोसबरोबर थोडं दूध किंवा काहीतरी स्निग्ध खायला द्या. हा लाडाचा भाग नाही हं, स्निग्ध पदार्थाशिवाय ल्युमफँट्रिन रक्तात नीट शोषलंच जात नाही.

प्रश्न: गोळी दिली आणि पोराने लगेच ओकून टाकली तर?

उत्तर: अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पूर्ण परत द्यायचा. अर्ध्या तासानंतर पण तासाच्या आत झाली तर डॉक्टरांना फोन करून विचारा, कुठलं औषध आहे त्यावर ठरतं. परत दिलेलाही डोस उलटून पडला तर घरी प्रयोग करत बसू नका, दवाखान्यात न्या. आणि जास्तीचा डोस दिल्यामुळे शेवटी एक डोस कमी पडतो, तो मागून घ्या, कोर्स तोकडा करू नका.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला दोन महिन्यांपूर्वी मलेरिया झाला होता, औषध पूर्ण केलं. आता परत थंडी-ताप, परत मलेरिया. ओळखीचे म्हणतात त्याच्या शरीराला त्या गोळीची सवय झालीये, रेझिस्टन्स आलाय, आता स्ट्राँग औषधच लागणार. मी खूप घाबरलोय. शिवाय पहिल्या वेळी औषध संपल्यावर आठवड्याने किट टेस्ट केली होती तेव्हाही लाइन आलीच होती.

उत्तर: दादा, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. मुलाच्या शरीराला सवय वगैरे काही झालेली नाहीये. रेझिस्टन्स येतो तो जंतूला, माणसाला नाही. तुमच्या मुलाने आधी ती गोळी दहा वेळा घेतली असेल तरी आज त्याला चावलेल्या डासातून आलेला जंतू साधा असेल तर गोळी तितकीच लागू पडणार. आणि उलटंही तितकंच खरं, ज्या बाळाने आयुष्यात एकही गोळी घेतलेली नाही त्यालाही रेझिस्टंट जंतूची लागण होऊ शकते.

आता परत आला तो का आला. तीन शक्यता असतात. एक म्हणजे नवा डास चावून नवी लागण. दुसरी, आधीचेच जंतू पूर्ण मेले नव्हते ते पुन्हा वाढले, हे फाल्सिपेरममध्ये साधारण महिना-दीड महिन्याच्या आत दिसतं. तिसरी शक्यता व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियाची, त्याचे काही जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात, रक्तातल्या औषधाचा त्यांच्यावर काही परिणामच होत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन वेगळं द्यावं लागतं, बऱ्याच ठिकाणी १४ दिवस, आणि ते देण्याआधी जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची रक्ततपासणी करून घ्यावी लागते कारण ते एन्झाइम कमी असलेल्या मुलांच्या लाल पेशी त्या औषधाने फुटतात. सहा महिन्यांखालच्या बाळांना ते देत नाहीत. तर तुम्ही जुना रिपोर्ट काढा आणि बघा कुठला मलेरिया होता. व्हायव्हॅक्स असेल आणि ते १४ दिवसांचं औषध दिलंच नसेल किंवा मधेच सोडलं असेल, तर माझ्या मते बहुतेक उत्तर तिथेच सापडेल. पूर्ण १४ दिवस देणं अवघड जातं हे मला माहीत आहे, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मूल ठणठणीत झालेलं असतं आणि घरात कुणाला आठवतच नाही.

किटवरची लाइन मात्र फसवी असते. फाल्सिपेरमचं किट जंतूला बघत नाही, जंतूने रक्तात सोडलेलं एक प्रोटीन बघतं, आणि जंतू मेल्यावरही ते प्रोटीन काही आठवडे रक्तात राहू शकतं. म्हणून औषध लागू पडलं की नाही हे बघायला स्लाइडच करायची. उलटा घोळही आहे, काही भागांतल्या जंतूंनी ते प्रोटीन बनवणारं जनुकच गमावलंय, तिथे मलेरिया असूनही किट निगेटिव्ह येतं. त्यामुळे लक्षणं जोरात असतील आणि किट निगेटिव्ह असेल तर तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

प्रश्न: आमच्या घरात दीड वर्षाचा नातू आणि पाच वर्षांची नात, दोघांना मलेरिया. मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करून दिले तर नाही का चालणार? आणि महिन्याभराच्या बाळाला झाला तर काय देतात?

उत्तर: आजी, तुकडे नकोत. डोस वजनावर ठरतो, वयावरही नाही. आर्टिमीथर-ल्युमफँट्रिनची नेहमीची गोळी घेतली तर ५ ते १५ किलोपर्यंत एका वेळी एक, १५ ते २५ पर्यंत दोन, २५ ते ३५ पर्यंत तीन आणि त्यापुढे चार. पहिल्या आणि दुसऱ्या डोसमध्ये आठ तास, मग दिवसातून दोनदा. नातवंडांचं वजन आधी काट्यावर करून घ्या, अंदाजाने नको. कारण कुपोषित, हडकुळ्या मुलांच्या रक्तात ल्युमफँट्रिन तसंही कमी उतरतं, त्यात डोसही कमी पडला तर ते मूल अर्धवट औषधावर राहतं.

अगदी छोट्या बाळांचा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला बरं वाटलं, कारण या बाळांकडे जगाने फार उशिरा लक्ष दिलं. पाच किलोखालच्या बाळांसाठी वेगळं असं मंजूर औषधच नव्हतं, डॉक्टर मोठ्या मुलांचंच औषध अडचणीत वापरायचे. नवजात बाळाचं लिव्हर पूर्ण तयार नसतं, तेच औषध त्याच्या अंगात वेगळं वागतं, म्हणून दोन औषधांचं प्रमाण बदलून बनवलेली गोळी लागते. तशी २ ते ५ किलोच्या बाळांसाठीची गोळी स्वित्झर्लंडच्या औषध नियामकाने २०२५ च्या जुलैमध्ये पहिल्यांदा मंजूर केली. घरात इतक्या लहान बाळाला ताप आला तर मात्र गोळीचा विचार घरी करायचाच नाही, सरळ दवाखाना.

प्रश्न: सर, मी बारावीला आहे, बायोलॉजी आवडतं. कंबोडियात आर्टिमिसिनिन काम करेनासं झालंय आणि आता आफ्रिकेतही तसं होतंय असं वाचलं. हे खरं आहे का? मग आता कॉम्बिनेशनही फेल जाणार का? आणि रेझिस्टन्स एकदा आला की कायमचा का?

उत्तर: फार छान प्रश्न आहे, आणि याला जागा जास्त देतोय.

सुरुवात क्लोरोक्विनपासून करावी लागेल. १९३४ मध्ये जर्मनीत हे औषध तयार झालं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरलं. स्वस्त, सोपं, मुलांनाही चालणारं. १९५० च्या दशकाच्या शेवटी थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत कोलंबियात ते काम करत नाही असे पेशंट दिसायला लागले. तिथून तो चिवट जंतू आशियातून सरकत सरकत १९७० च्या दशकाच्या शेवटी पूर्व आफ्रिकेत पोचला आणि मग सगळ्या खंडभर गेला. आणि याची किंमत कुणी मोजली तर लहान मुलांनी. जिथे मलेरिया कायम असतो तिथल्या मोठ्या माणसांना पुन्हा पुन्हा लागण होऊन थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते, औषध अर्धं लागू पडलं तरी बाकीचं काम त्यांचं शरीर करून नेतं. दोन वर्षांच्या मुलाकडे ती शिल्लकच नसते, त्याच्यासाठी सगळं काम औषधालाच करावं लागतं. म्हणून औषध दुबळं झालं की ते सगळ्यात आधी मुलांमध्ये उघडं पडतं. सेनेगलमध्ये ज्या गावांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या तिथे क्लोरोक्विन निकामी होत गेलं तसे मुलांचे मलेरियाने होणारे मृत्यू दुपटीहून जास्त झालेले दिसले. मला हे वाचताना आजही त्रास होतो, कारण रेझिस्टन्स हा शब्द ऐकायला प्रयोगशाळेतला वाटतो आणि प्रत्यक्षात तो असा आकड्यांमध्ये येतो. अजूनही, २०२३ साली जगात मलेरियाने अंदाजे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक आफ्रिकेत, आणि तिथल्या दर चार मृत्यूंमागे साधारण तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे.

क्लोरोक्विननंतर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आलं, तेही थायलंडमध्ये काही वर्षांतच कमजोर पडलं. मग आर्टिमिसिनिन. चीनमध्ये १९६७ ला सुरू झालेल्या गुप्त संशोधन प्रकल्पात तू यूयू नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या टीमने एका वनस्पतीतून ते वेगळं काढलं, त्यासाठी या बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं. आधीचे अनुभव गाठीशी होते म्हणून या वेळी ते एकटं वापरायचं नाही, जोडीदार औषधाबरोबरच वापरायचं असं ठरलं, २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना तसं सांगतेय. पण तोपर्यंत कंबोडियात ते बरीच वर्षं सुटं, एकटं वापरलं जात होतं. २००८-०९ मध्ये पश्चिम कंबोडियात, पायलिन भागात, जंतू मरायला जास्त वेळ लागतोय हे पक्कं झालं, आणि त्यामागे के-१३ नावाच्या जनुकातले बदल आहेत हे पुढच्या काही वर्षांत सापडलं.

इथे एक नीट समजून घे. याला ‘आंशिक’ रेझिस्टन्स म्हणतात. औषध काम करतं, पण हळू. तिसऱ्या दिवशी रक्तात जंतू दिसत राहतात. मी वर हजारभर जंतूंचा हिशोब दिलाय ना, तो इथे बिघडतो, जोडीदार औषधाच्या वाट्याला हजाराऐवजी कितीतरी जास्त जंतू येतात. जोडीदार दमदार असेल तर मूल तरीही बरं होतं. पण एवढ्या गर्दीतून एखादा जोडीदारालाही चुकवणारा निघायची शक्यता वाढते आणि एकदा तो निघाला की कॉम्बिनेशन खरंच फेल जातं. कंबोडियात डायहायड्रोआर्टिमिसिनिन-पिपराक्विन या कॉम्बिनेशनचं नेमकं हेच झालं, जोडीदारही गेला, शेवटी कॉम्बिनेशन बदलावं लागलं. भारतातही ईशान्येकडच्या राज्यांत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हा जोडीदार कमजोर पडल्यामुळे २०१३ पासून तिथे आर्टिमीथर-ल्युमफँट्रिन द्यायचं ठरलं, त्या वेळी बाकी देशात आधीचंच कॉम्बिनेशन चालू ठेवलं.

आफ्रिकेबद्दल वाचलंस ते खरं आहे. रवांडा, युगांडा, टांझानिया, एरिट्रिया या देशांत आंशिक रेझिस्टन्स पक्का झालाय, आणि रवांडा-युगांडातले हे बदल आशियातून आलेले नाहीत, तिथेच स्वतंत्रपणे तयार झालेत. म्हणजे एखादी सीमा अडवून हे थांबणारं नाही. तरी तिथे कॉम्बिनेशनने बहुतेक मुलं अजून बरी होतायत कारण ल्युमफँट्रिन अजून टिकून आहे. काळजी वाटते ती याची की खूप मोठा भार त्या एकाच औषधावर आहे.

आणि रेझिस्टन्स कायमचा का, याचं उत्तर आफ्रिकेतल्या मलावी देशाने दिलंय. तिथे १९९३ मध्ये क्लोरोक्विन बंद केलं कारण ते जवळपास निरुपयोगी झालं होतं. वर्षानुवर्षं ते औषध वापरातच नाही म्हटल्यावर चिवट जंतूचा फायदा संपला आणि साधे जंतू परत पसरले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या मुलांना परत क्लोरोक्विन देऊन बघितलं, ९९ टक्के मुलांमध्ये ते लागू पडलं! त्याच अभ्यासात सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन फक्त २१ टक्क्यांत. पण याचा अर्थ सगळीकडे असंच होतं असा नाही, आणि परत एकटं क्लोरोक्विन सुरू केलं तर चिवट जंतू लगेच परत येणार. अजून एक गंमतशीर शोध आहे, तुला बायोलॉजी आवडतं म्हणून सांगतो. अमोडायाक्विन या दुसऱ्या एका जोडीदार औषधाला चुकवायला जे जनुकीय बदल जंतूला मदत करतात, तेच बदल त्याला ल्युमफँट्रिनपुढे जास्त कमकुवत करतात, आणि उलटही. म्हणून एकाच देशात दोन-तीन वेगवेगळी कॉम्बिनेशन्स एकाच वेळी वापरायची कल्पना पुढे आलीये.

प्रश्न: भाच्याला मलेरिया डोक्यात गेला होता, झटके आले, तीन इंजेक्शनं दिल्यावर शुद्धीवर आला. आता घरी सोडताना परत तीन दिवसांच्या गोळ्या दिल्यात. इंजेक्शन झाल्यावर गोळ्यांची काय गरज?

उत्तर: गरज आहे, आणि या बाबतीत घरोघरी चूक होते म्हणून स्पष्ट सांगतो. ते इंजेक्शन आर्टिसुनेटचं असणार. गंभीर मलेरियात ते मुलांचा जीव वाचवतं, आफ्रिकेतल्या ५ हजारांहून जास्त मुलांवरच्या २०१० च्या मोठ्या अभ्यासात क्विनाइन हे जुनं औषध दिलेल्यांपैकी १०.९ टक्के मुलं दगावली तर आर्टिसुनेट दिलेल्यांपैकी ८.५ टक्के. पण ते पण लवकर रक्तातून निघून जातं आणि त्याच्याबरोबर जोडीदार नसतो. म्हणजे इंजेक्शनवरच थांबलं तर ते एकट्या औषधाचं अर्धवट उपचार झालं, मलेरिया परत उलटू शकतो आणि चिवट जंतूला वाव मिळतो. म्हणून किमान २४ तास इंजेक्शन आणि मूल गिळू शकायला लागलं की तीन दिवसांचं पूर्ण कॉम्बिनेशन. अजून एक, आर्टिसुनेटच्या इंजेक्शननंतर काही मुलांमध्ये पुढच्या एक ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन उतरतं. भाचा फिकट दिसला, लघवी गडद झाली, लवकर दमायला लागला तर रक्त तपासा.

प्रश्न: ज्या झाडातून आर्टिमिसिनिन काढतात त्याचा काढा मुलांना दिला तर? नैसर्गिक आहे ना.

उत्तर: नको. काढ्यात औषध किती उतरलं हे कुणालाच सांगता येत नाही, बहुतेक वेळा पुरेसं नसतंच, आणि जोडीदार औषध नाही. आरोग्य संघटनाही याला नाही म्हणते.

प्रश्न: मग पुढे काय? नवीन औषध येतंय का?

उत्तर: येतायत. एक वाट म्हणजे तीन औषधं एकत्र. कंबोडिया, थायलंड, व्हिएतनाममध्ये जिथे डायहायड्रोआर्टिमिसिनिन-पिपराक्विन निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये फेल जात होतं तिथे त्यात मेफ्लोक्विन या तिसऱ्या औषधाची भर घातल्यावर ९८ टक्के पेशंट बरे झाले, हा अभ्यास २०२० मध्ये आला. दुसरी वाट आर्टिमिसिनिन पूर्ण बाजूला ठेवण्याची. गॅनाप्लासाइड नावाचं नवीन औषध ल्युमफँट्रिनबरोबर जोडून आफ्रिकेतल्या मोठ्यांवर आणि मुलांवर तपासलं, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल जाहीर झाले आणि ते सध्याच्या कॉम्बिनेशनच्या तोडीचं ठरलं. मला त्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे ते दाण्यांच्या स्वरूपात पुडीत येतं, दिवसातून एकदा, तीन दिवस. सहाऐवजी तीन वेळाच द्यायचं असेल तर घरातल्या माणसांकडून ते पूर्ण होण्याची शक्यता कितीतरी जास्त. नियामकांची मंजुरी आणि मग प्रत्येक देशाच्या कार्यक्रमात ते येणं, याला अजून वेळ लागेल, तोवर मुलांच्या फाल्सिपेरमसाठी आत्ताचंच तीन दिवसांचं कॉम्बिनेशन, वजनाप्रमाणे, सगळे डोस.